सत्तेचाळिसावा फर्मा

ग्राहक मंडळाच्या कचेरीत खुर्च्या सहा आहेत आणि सहाही खुर्च्यांच्या गाद्या दर वर्षी नव्या होतात. भिंतींचा रंग उडालाय, टाइपरायटरचं एक अक्षर कायमचं रुसलंय, जिन्याच्या आठव्या पायरीवर पाय जपून टाकावा लागतो. पण बसायला मिळतं ते मात्र राजेशाही. नवा माणूस तावातावाने तक्रार घेऊन येतो, खुर्चीत टेकतो आणि क्षणभर आपली तक्रारच विसरतो. मंडळाच्या बाई म्हणतात, हा सरळसरळ कामात अडथळा आहे. एकदा त्यांनी गाद्या बदलणाऱ्याला स्पष्ट मनाई केली. त्याने मान डोलावली आणि बाई परगावी गेल्याचं पाहून सहाही खुर्च्या हातगाडीवर घालून नेल्या.

तो माणूस म्हणजे गादीमास्तर. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटीवर रेक्झिनचे नमुने लटकवून लटकवून ते केव्हाच झाकलं गेलं. मोटारींच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. तोंडाने कुणाचे आभार मानायची वेळ आली की मास्तरांची जीभ टाळूला चिकटते, म्हणून ते हाताने मानतात. हे आभार कशाबद्दलचे ते सांगायचं तर मास्तरांची चूकही सांगावी लागेल. त्याला त्यांची हरकत नाही. उलट कुणी चूक गाळून गोष्ट सांगू लागलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

मास्तरांचा स्वभाव असा, की गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. कुणी म्हणे, सीटला खिसा हवा, खिसा. कुणी म्हणे, कुत्र्याची नखं लागून फाटणार नाही असं करा, तसं करत. एका गृहस्थांना डाव्या बाजूला कलून बसायची सवय होती, तर त्यांच्यासाठी डावीकडचा फोम बोटभर जाड. सीट कारखान्यातून सारखी आली तरी वर्षभरात ती मालकाच्या वळणावर जाते, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांचे फर्मेही प्रत्येक गाडीचे वेगळे. फर्मा म्हणजे जाड खाकी कागदातून कापलेला सीटचा आकार. तो रेक्झिनवर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. बाकीचे कुशनवाले काम झालं की फर्मा फेकून देत. मास्तर तो गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत, आणि माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसल्यामुळे त्यावर जाड पेन्सिलीने खुणेपुरतं लिहून ठेवत. राखाडी गाडी, शाळेच्या मागे राहतात, कुत्रं बसतं. किंवा, पांढरी, दाताचे डॉक्टर, बोलतात फार.

त्या काळात मोटारींच्या मागच्या सीटला नुकतेच पट्टे यायला लागले होते. पुढचे पट्टे लोक बांधत, तेही समोर पोलीस दिसला तर. मागचे कशासाठी आहेत हेच पुष्कळांना कळत नव्हतं. त्यात एक गाडी फार खपायची, सुटसुटीत, चार माणसांच्या कुटुंबाची. तिच्या मागच्या सीटच्या फटीतून एक बक्कल ताठ दांड्यावर उभं असायचं. ते दबत नसे, वाकत नसे. मास्तरांकडे कव्हर शिवायला गाडी आली की मालक हमखास म्हणायचा, मास्तर, या लचांडाचं काहीतरी करा बुवा.

मास्तरांनी केलं. पट्ट्याची सुबक घडी घालून ती नाडीने बांधायची, दांड्याचा नट ढिला करून तो आडवा करायचा, फोममध्ये खाच पाडून तिच्यात बक्कल निजवायचं, आणि वरून कव्हर असं ताणून बसवायचं की हात फिरवला तरी आत काही आहे असा संशय येऊ नये. या कारागिरीचा मास्तरांना मनातून अभिमान होता. दुसऱ्या कुशनवाल्याने ते काम केलं की उंचवटा दिसायचा. यांचं काम कसं गुळगुळीत.

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मास्तर मशीनला तेल घालत होते. मंडळाच्या बाई म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षिका. निवृत्तीनंतर चार जणांना गोळा करून त्यांनी ग्राहक मंडळ काढलं, आणि दर महिन्याला एक पत्रक छापायला सुरुवात केली. कुठल्या इस्त्रीचा झटका बसतो, कुठल्या स्टोव्हची टाकी गळते, हे त्या स्वतः करून पाहत आणि मग लिहीत. पत्रक वाचणारे थोडे होते, पण ज्यांच्याबद्दल लिहून येई ते मात्र डोळ्यात तेल घालून वाचत. बाईंनी पिशवीतून रेक्झिनचा एक तुकडा काढला आणि मशीनवर ठेवला.

“हे तुमचं काम आहे का?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी पाहताक्षणीच ओळखलं. दुहेरी शिलाई, कोपऱ्यावर उलटे तीन टाके. असं दुसरं कोण शिवणार? त्यांची छाती किंचित फुगली. “माझंच. कुठे उसवलं?”

“उसवलं नाही. मी कापून आणलंय.”

मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक आई आपली निळी गाडी चालवत होती, मागे नऊ वर्षांची मुलगी. वळणावर खडी सांडलेली, गाडी घसरली आणि पुलाच्या कठड्यावर गेली. आईचा पट्टा बांधलेला होता, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मुलगी मागून उडून पुढच्या सीटवर आदळली. आईने मंडळाला पत्र लिहिलं की आमच्या गाडीला मागे पट्टे नव्हतेच. मंडळाने कंपनीला विचारलं. कंपनीने उत्तर दिलं, आमची एकही गाडी पट्ट्यांशिवाय बाहेर पडत नाही. कंपनी खोटं बोलते असा लेख बाईंनी लिहूनही ठेवला होता. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायचं नाही हा त्यांचा जुना शिरस्ता. म्हणून त्या मोडक्या गाड्यांच्या आवारात गेल्या, त्या निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या आणि सहज सीट दाबून पाहिली, तर खोल कुठेतरी हाताला काहीतरी टणक लागलं.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांना आधी नुसतंच “पोरगी?” एवढं विचारता आलं.

“आहे. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आहे. पण आहे.”

मास्तरांनी डोळे मिटले. ते देवदेव करणारे गृहस्थ नव्हते, पण त्या क्षणी जो कोणी असेल त्याला त्यांनी मनोमन हात जोडले. ती पोरगी वाचली याबद्दलची त्यांची कृतज्ञता तेव्हापासून आजतागायत कणभरही कमी झालेली नाही.

“पट्टे असे आत घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” बाईंनी विचारलं.

मास्तरांना नावं आठवत नसत, माणसं आठवत. ती आई त्यांना लख्ख आठवली. मुलीचा हात धरून दुकानाच्या दारात उभी राहिलेली, घाईत, खांद्यावर कामाची पिशवी. बक्कल पोरीला टोचतं, ती गाडीत बसली की रडते, ते तेवढं आत घालता येईल का, असं तिनेच विचारलं होतं. मास्तरांनी विचार केला, हे मी आता बोललो तर ती आई जन्मभर आरशात बघू शकणार नाही.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं शाळेत उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाचं ते पाहणं होतं.  मग पदराने घाम पुसून त्या समोरच्या जुन्या सीटवर बसल्या आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. पूर्वीच्या मोटारी कशा होत्या, पुढच्या फळीवर लोखंडी खुंट्यांसारखी बटणं कशी असायची, धडक बसली की स्टिअरिंगचा दांडा चालवणाऱ्याच्या छातीत कसा शिरायचा, आणि काच फुटली की तिचे सुरे कसे व्हायचे. तेव्हा अपघात झाला की सगळे एकच विचारत, चूक कुणाची? चालवणाऱ्याची असेल तर विषय संपला. मग कुठे कुठे काही डॉक्टर, काही वकील, काही हटवादी माणसं निघाली. त्यांनी विचारायला सुरुवात केली, की माणूस आहे, चुकणारच. पण चुकल्यावर त्याला लागलं ते कशामुळे? त्या एका प्रश्नापायी दांडे बदलले, काचा बदलल्या, पट्टे आले. कंपन्यांनी आपण होऊन काही दिलं नाही, प्रत्येक गोष्ट कुणीतरी मागे लागून मिळवली.

“आणि ती मी शिवून टाकली,” मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यावर काही सांत्वन केलं नाही. अशा किती गाड्या असतील, एवढंच विचारलं.

संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको भिंतीवरचे फर्मे उतरवायला बसले. मास्तरांचा चष्मा शिवणकामापुरता, वाचायला तो कुचकामाचा. म्हणून बायको वाचत गेली आणि मास्तर वेगळे काढत गेले. ती एरवी वाचताना मधूनमधून त्यांच्या अक्षराचा उद्धार करायची. त्या दिवशी तिने तो केला नाही.

हिरवी, दोन मुलं, बक्कल टोचतं, पट्टे आत. राखाडी, सासूबाईंच्या कमरेला लागतं, आत. पांढरी, लांबच्या प्रवासात मागे झोपता येत नाही, आत. लाल, पोराच्या अंगावर वळ उठला, आत. एकामागून एक. पंचविसाव्या की तिसाव्या फर्म्याला ती थांबली.

“अहो, यांचं सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं आहे.”

“वाच पुढे,” मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष गाऱ्हाण्याकडे नव्हतं, आकड्याकडे होतं. आकडा सत्तेचाळीसवर थांबला. त्यातला शेवटचा निळ्या गाडीचा. त्यावर लिहिलं होतं, पोरीला टोचतं, रडते, आईने सांगितलं, पट्टे आत. मास्तरांनी तो बायकोच्या हातातून घेतला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.  बायकोला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, कात्री, सुई, पाना आणि काठ शिवायची पट्टी घेतली आणि सायकल काढली. चार आठवडे मास्तर दारोदार फिरत होते. जायचं, आपण काय केलं ते सांगायचं, माफी मागायची, फटीजवळ कव्हरला चीर पाडायची, दांडा पुन्हा उभा करून नट आवळायचा, पट्टा बाहेर काढायचा, चिरेला काठ शिवायचा. लोक मोठ्या मनाचे निघाले. कुणी ओरडलं नाही. एका घरी आजोबांनी त्यांना जेवायलाच बसवून घेतलं. दाताच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की मला आहे तसंच बरं आहे, तुम्ही जा. मास्तर गेले नाहीत. ते पायरीवर बसले. डॉक्टरांचे रोगी आत जाताना आणि बाहेर येताना त्यांना बघत होते. दुसऱ्या तासाला डॉक्टरांनी गाडीची किल्ली आणून त्यांच्या हातात दिली.

दोन गाड्या गावाबाहेर विकल्या गेल्या होत्या, त्यांचे पत्ते मंडळाने शोधून काढले. महिन्याच्या आत शेहेचाळीसच्या शेहेचाळीस गाड्यांचे पट्टे बाहेर आले. मास्तरांचा जीव निम्मा भांड्यात पडला. उरलेला निम्मा कोटाच्या खिशात होता.

मधल्या काळात शेहेचाळीस फर्म्यांचं भेंडोळं त्यांनी बाईंना नेऊन दिलं. कबुलीजबाब द्यावा तसं दिलं, मान खाली घालून. बाईंनी एकेक उलगडून वाचायला घेतला. पाचव्याला त्यांनी चष्मा पुसला. दहाव्याला त्या उठून उभ्या राहिल्या. विसाव्यानंतर त्या खोलीत येरझारा घालत मोठ्याने वाचू लागल्या.

“मास्तर, हे काय आहे कळतंय का तुम्हाला? मी तीन वर्षं या गाडीबद्दल तक्रारी गोळा करतेय. माझ्याकडे किती पत्रं आली असतील? दोन. मला वाटायचं लोकांना काही त्रासच नाही. अहो, सगळ्या तक्रारी तुमच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या.”

मास्तरांना समजायला वेळ लागला. एकाने मागितलं तर ते त्याचं खूळ म्हणता येईल, बाई सांगत होत्या; शेहेचाळीस घरं एकमेकांना न ओळखता तेच मागतात तेव्हा दोष बकलात असतो. कंपनीने बक्कल असं केलं की ते लपवल्याशिवाय माणसाला नीट बसता येऊ नये. आणि मास्तरांनी ते इतकं छान लपवलं की कुणी कंपनीला चकार शब्द लिहिला नाही. मास्तर ऐकत होते. आपण लोकांचं भलं करतो आहोत असं समजून आपण त्यांचं तोंडच शिवत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते समजावून देणाऱ्या बाईंबद्दल त्यांच्या मनात जे उमटलं त्याला ते अजून शब्द शोधताहेत. तोवर गाद्या.

“निळ्या गाडीचा फर्मा कुठे आहे?” बाईंनी शेवटी विचारलं.

“उंदरांनी खाल्ला,” मास्तर म्हणाले.

“फक्त तोच?”

“निवडून खातात,” मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्याच कानांना ते पटेना.

मंडळाने फर्म्यांबद्दल लिहिलं तेव्हा कंपनीने बैठक लावली ती आपल्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे झाकण घातलेला पाण्याचा पेला, आणि अंगात हुडहुडी भरावी इतका गारवा. एका बाजूला कंपनीचे मोठे साहेब, गोरेपान, गोड बोलणारे. त्यांच्या शेजारी ते बक्कल आखणारे पन्नाशीचे इंजिनिअर, बाहीला शाईचा डाग, आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या बाजूला बाई, मास्तर आणि ती आई. मुलीला घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून तिलाही आणलं होतं. चाकाच्या खुर्चीत, प्लास्टरचा पाय फळीवर सरळ ठेवलेला. प्लास्टरवर तिच्या वर्गातल्यांनी चित्रं काढली होती. मास्तरांनी त्या पायाकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलाकडेच पाहत राहिले.

साहेबांनी आईचं पत्र वाचून दाखवलं. आमच्या गाडीला मागे पट्टे नव्हतेच. मग गाडीचे फोटो ठेवले, कापलेलं कव्हर आणि त्याखाली नाडीने बांधलेली पट्ट्याची घडी. अत्यंत खेद वाटतो, ते म्हणाले, पण पट्टे होते. बाईंनी शेहेचाळीस फर्मे टेबलावर पसरले. टेबल पुरलं नाही, काही जमिनीवर ठेवावे लागले. साहेबांनी दोन-चार उचलून वाचले आणि सौजन्याने बाजूला सरकवले. लोक आपल्या गाडीचं काय करतात त्याला कंपनी काय करणार? आणि या मुलीच्या आईचा तर यात कागदही नाही. म्हणजे आता दोनच शक्यता राहतात. मुलीच्या आईने पट्टे लपवून घेतले आणि मंडळाला खोटं लिहिलं. नाहीतर या कारागिराने मालकाला न विचारता गाडीच्या सुरक्षेच्या वस्तूला हात लावला. कोणती ते त्यांनीच सांगावं.

 आईचा हात मुलीच्या खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तिथेच आवळला गेला.

मास्तर उठले. “मीच केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“हे लिहून द्याल?”

“देतो.”

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं. मास्तरांना समजत होतं की या कागदावर सही केली की उद्यापासून शहाणा माणूस आपली गाडी त्यांच्या दुकानासमोरून नेतानाही वेग वाढवेल. तीस वर्षांचं काम होतं ते. पण पोरीचा पाय समोर होता आणि त्या मानाने दुकान काहीच नव्हतं. त्यांनी पेन घेतलं. बाई त्यांच्याकडे रोखून पाहत होत्या.

“थांबा मास्तर,” आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की साहेबांनी कान पुढे केला. “त्यांनी नाही केलं मनाने. मी सांगितलं होतं.”

मग ती थांबत थांबत बोलली. इस्पितळात मुलीला आत नेत असताना डॉक्टरांनी विचारलं होतं, हिला पट्टा होता का? तिच्या तोंडून निघून गेलं, गाडीला नव्हतेच. एकदा म्हटलं ते म्हटलं. मग घरच्यांना तेच सांगितलं, मग पत्रात तेच लिहिलं. आणि रोज रात्री पोरीच्या उशाशी बसल्यावर तिला दुकानातला तो दिवस दिसायचा. हे सांगताना तिने साहेबांकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं नाही. ती मुलीकडे पाहत होती. मुलगी प्लास्टरवरचं एक चित्र नखाने खरवडत बसली होती.

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना हायसं वाटलेलं लपत नव्हतं. अतिशय प्रामाणिकपणाने सांगितलंत, ते म्हणाले, कंपनीचा काही आकस नाही. म्हणजे विषय संपला. आणि ते फाईल बंद करू लागले.

“संपला कसा?” बाई म्हणाल्या. “आता कुठे सत्तेचाळीस झाले. मास्तर, द्या तो फर्मा. उंदरांनी कोटात बीळ केलंय ते मला केव्हाचं माहीत आहे.”

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली.  काय करावं न सुचून त्यांनी तो कागद साहेबांकडे न देता शेजारच्या इंजिनिअरांच्या पुढे ठेवला. इंजिनिअरांनी तो उलगडला, हाताने सपाट केला, वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यांनी जमिनीवरचेही फर्मे उचलले आणि एकेक करून सगळे वाचले. साहेब घड्याळ बघत होते. 

पुढे काय झालं ते मंडळाच्या पत्रकात छापून आलेलं आहे, ज्याला हवं त्याने काढून वाचावं. वर्षाच्या आत कंपनीने तो ताठ दांडा काढला, बक्कल मऊ पट्टीवर आणलं, सीटमध्येच त्याला बसायला खोलगट जागा केली, आणि जुन्या गाड्यांनाही ते फुकट बसवून दिलं. मुलगी चालायला लागली, मग पळायलाही लागली. मास्तरांचं दुकान बुडालं नाही, उलट वाढलं. पट्टा मोकळा ठेवणारं कव्हर असं लोक नाव घेऊन मागू लागले. मास्तरांना हे सगळं कुणी सांगायला लागलं की ते नुसती मान हलवतात. त्यांचं मन त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीतच असतं. कारण सगळे फर्मे वाचून झाल्यावर इंजिनिअर पहिल्यांदा बोलले, आणि त्यांनी कुणाची चूक ते विचारलं नाही.

“कुठे टोचत होतं?” त्यांनी विचारलं.

आईला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, मला नक्की नाही सांगता येणार, मी पुढे बसायचे.

“इथे,” मुलगी म्हणाली.

तिने खुर्चीत अंग वळवलं, हात मागे नेला आणि बरगडीच्या खाली बोट टेकवलं. इंजिनिअर उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, तिला विचारून सीटपासून त्या बोटापर्यंतचं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. मग म्हणाले, अजून काही?

मुलगी विचारात पडली. तिने आईकडे पाहून घेतलं. उन्हात गाडी उभी असली की ते बक्कल तापायचं, ती म्हणाली, चटका बसायचा. इंजिनिअरांनी तेही लिहिलं. आणि ते लावायला दोन हात लागायचे, एका हाताने दाबलं तर लागायचंच नाही. तेही लिहिलं. आई हे ऐकत होती. तिने तोंडावर पदर धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अपघातापासून तिच्या खांद्यांवर जे बसलं होतं ते उतरत चाललेलं मास्तरांना समोर दिसत होतं. इतकी वर्षं माणसांच्या पाठी बघितलेला माणूस, त्याला ते दिसणारच. आपली पोर तक्रार करतेय आणि ज्याने ते बक्कल कागदावर काढलं तो माणूस गुडघ्यावर बसून ते लिहून घेतोय. मास्तरांना वाटलं, उठावं आणि या माणसाचे पाय धरावेत. त्यांची जीभ नेहमीप्रमाणे टाळूला चिकटली होती.

साहेबांनी फाईल काखेत घेतली आणि खुर्ची मागे सारली. म्हणाले, बरंय, आम्ही तुम्हाला लेखी कळवू.

“साहेब, जरा बसा,” इंजिनिअर वर न पाहता म्हणाले. “तिचं सांगून व्हायचंय.”

साहेब बसले. इंजिनिअरांनी वहीचं पान उलटलं, आणि मुलीने हाताची बोटं मोजत पुढचं सांगायला सुरुवात केली.